बेलफास्ट नेमकं कुठलं? एका आयरिश कुटुंबाच्या स्थलांतराचा माग : प्रकरण अभ्यास

आधीच सांगते, यातली माणसांची नावं बदलली आहेत आणि आडनाव दिलेलंच नाही, कारण घरची मंडळी हयात आहेत. ज्यांना आपल्या किंवा दुसऱ्या कुणाच्या घराण्याचा परदेशातला माग काढायचाय त्यांना आम्ही कुठे अडलो आणि कुठे चुकलो ते कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पार्श्वभूमी

आम्ही मेलबर्नला राहतो. शेजारी एक आजी आहेत, वय ८१, एकट्याच असतात. त्यांची नातवंडं त्यांना नॅन म्हणतात म्हणून माझी मुलं नॅन म्हणायला लागली आणि मग मीसुद्धा. मी इथल्या लायब्ररीत शनिवारी कौटुंबिक इतिहासाच्या टेबलावर मदतीला बसते. ही आवड बाबांकडून आली, त्यांनी आमच्या कुलवृत्तांतासाठी सातारा-सांगलीकडची गावं पालथी घातली होती, नाशिकला उपाध्यायांच्या वह्यांमधून आमच्या खापरपणजोबांची सही शोधून काढली होती, आणि ती सही बघून घरी आल्यावर ते दोन दिवस दुसरं काही बोलतच नव्हते. त्यामुळे नॅन एकदा कुंपणापाशी म्हणाल्या की आमची माणसं आयर्लंडची, बेलफास्टची, पण त्याच्या मागे काही सापडत नाही, तेव्हा मी लगेच म्हटलं, कागद घेऊन या, बघूया.

कागद तसे बरेच होते. त्यांचा मोठा भाऊ ब्रिस्बेनला असतो, त्याने पंधरा वर्षं या कामात घातलीत, एका पेड संशोधकाला पैसेही दिलेत. फ्रेम करून लावण्याजोगी वंशावळ तयार होती. नॅनचे आजोबा जॉन, जन्म १८५७, बेलफास्ट, उत्तर आयर्लंड. त्यांचे आईवडील पॅट्रिक आणि ब्रिजेट. आधार होता जॉनचा १८८४ चा व्हिक्टोरियातला (मेलबर्न ज्यात येतं ते ऑस्ट्रेलियातलं राज्य) लग्नाचा दाखला, त्यात जन्मस्थळाच्या रकान्यात 'बेलफास्ट' असं स्वच्छ लिहिलेलं. भाऊ २०११ मधे बेलफास्टला जाऊनही आलेला, ज्या चर्चच्या रजिस्टरमधे जॉनचा बाप्तिस्मा सापडला होता तिथे उभं राहून काढलेला त्याचा फोटो नॅनच्या फ्रिजवर लावलेला असतो.

अडचण काय होती

वरवर बघितलं तर अडचण एवढीच की पॅट्रिक आणि ब्रिजेटच्या मागे जाता येत नव्हतं. आयर्लंडच्या बाबतीत हे इतकं नेहमीचं आहे की कुणाला संशयही येत नाही. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे कागद डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दफ्तरखान्यात होते आणि १९२२ च्या जूनअखेरीस यादवी युद्धात ते जळून गेले, काही तुकडे तेवढे वाचले. १८६१ आणि १८७१ चे कागद तर सरकारनेच आधी नष्ट केलेले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत लगद्याला गेले. १९२२ च्या आधीची पूर्ण अशी जनगणना १९०१ आणि १९११ चीच उरली. सर्वांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून. म्हणजे १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळाच्या आसपास निघून गेलेल्या माणसासाठी चर्चची रजिस्टरं, जमिनीचे आणि कराचे कागद, आणि जिथे तो पोचला तिथली दफ्तरं, एवढंच हाताशी राहतं.

पण माझ्या डोक्यात दोन गोष्टी खटकत होत्या.

पहिली, ब्रिजेटचं माहेरचं आडनाव. आयरिश कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव बहुतेक वेळा लिहितात, आणि हे फार मोठं वरदान आहे, आपल्याकडे जुन्या कागदात बाईचं माहेर शोधायला किती त्रास होतो ते ज्याने केलंय त्याला माहीत. बेलफास्टच्या त्या रजिस्टरमधे जॉनच्या आईचं माहेर एक होतं आणि जॉनच्या लग्नाच्या दाखल्यात आईचं माहेर वेगळंच. भावाच्या फाइलमधे त्यावर 'कारकुनाची चूक' असं लिहून पुढे गेलेले. पॅट्रिक आणि ब्रिजेट ही त्या काळातल्या आयर्लंडमधली सगळ्यात जास्त चालणारी नावं, आपल्याकडे जुन्या पिढीत गल्लीत चार जण पांडुरंग आणि चार जणी सरस्वती असायच्या तसं. नुसती नावं जुळली म्हणजे काहीच जुळलं नाही. माहेरचं आडनाव हाच धागा, आणि तोच तुटत होता.

दुसरी, जहाजाची यादी. पॅट्रिक आणि ब्रिजेट १८५५ मधे व्हिक्टोरियाच्या पोर्टलँड बंदरात सरकारी मदतीच्या जहाजाने उतरले अशी नोंद भावाने काढली होती. मग जॉन १८५७ ला आयर्लंडमधे कसा जन्मेल? त्यावर उत्तर असं की ही जोडी वेगळी असेल, आपले नंतर आले असतील. पण मग त्याच फाइलमधे या यादीवर पिवळ्या पेनने 'बेलफास्ट' या शब्दाला गोल केलेला. म्हणजे एकाच कागदातलं जे पटतंय ते घेतलं आणि जे पटत नाही ते सोडलं. हे मी नावं ठेवायला लिहीत नाही, स्वतःच्या माणसांचा शोध घेताना मन असंच करतं, बाबांनीही केलं होतं.

कुठले पर्याय समोर होते

नॅनच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही तीन रस्ते बोललो.

एक, आयर्लंडमधे पुन्हा पैसे देऊन कुणाकडून तरी बेलफास्टची बाकीची चर्चं धुंडाळून घ्यायची. भावाचा ओढा इकडे. माझं म्हणणं असं की जिथे आधीच पंधरा वर्षं गेलीत तिथे तेच गृहीत धरून अजून खोल खणण्यात अर्थ नाही.

दोन, डीएनए. नॅन तयार होत्या, किट मागवायलाही निघाल्या होत्या. मी थांबवलं. एक तर नॅनच्या डीएनएमधून भावाबद्दल आणि त्याच्या मुलांबद्दलही माहिती बाहेर पडते, त्याला विचारायला हवं. दुसरं म्हणजे डीएनएमधे जे लांबचे नातेवाईक सापडतात त्यांच्या वंशावळी बघून आपण गाव ठरवतो, आणि मी ऑनलाइन बघितलं तर भावाची वंशावळ सात जणांनी जशीच्या तशी उचललेली होती. म्हणजे सगळीकडे बेलफास्टच दिसणार आणि आपली चूक आपल्यालाच पुरावा म्हणून परत येणार.

तीन, जिथे ते येऊन राहिले तिथून, म्हणजे व्हिक्टोरियातून, मागे मागे जायचं. हा रस्ता घेतला, आणि तो घेण्यामागे एक साधी गोष्ट होती. काही वर्षांपूर्वी ग्रेट ओशन रोडने आम्ही पोर्ट फेरीपर्यंत गेलो होतो. वॉर्नंबूल ते पोर्ट फेरी या किनाऱ्यावर एक पाटी आहे, 'बेलफास्ट कोस्टल रिझर्व्ह'. तेव्हा मुलाने विचारलं होतं की बेलफास्ट इथे कुठून आलं, आणि मी फोनवर वाचून त्याला सांगितलं होतं की पोर्ट फेरीचं जुनं नाव बेलफास्ट. जेम्स ॲटकिन्सन नावाच्या माणसाने १८४३ च्या सुमाराला तिथे ५,१२० एकर घेतले आणि गावाला बेलफास्ट नाव दिलं, ते १८८७ पर्यंत चाललं. नॅनच्या फ्रिजवरचा फोटो बघताना ती पाटी एकदम डोळ्यापुढे आली.

जॉनचं लग्न १८८४ चं. तेव्हा पोर्ट फेरी अजून बेलफास्टच होतं.

काय काय केलं

पहिलं काम, जॉनचा जन्मदाखला व्हिक्टोरियाच्या इंडेक्समधे शोधणं. पंधरा वर्षांत हे कुणी केलंच नव्हतं, कारण तो आयर्लंडचा हे सगळ्यांनी धरून चाललेलं. व्हिक्टोरियात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८५३ पासून सुरू झाली, आणि तिथले दाखले इतके भरगच्च आहेत की पहिल्यांदा बघणारा चाट पडतो. जन्माच्या दाखल्यात आईवडिलांची वयं, ते कुठे जन्मले, त्यांचं लग्न कधी आणि कुठे झालं, आधीची मुलं कोण, जिवंत की मेलेली, सगळं. जॉन दहा मिनिटांत सापडला. १८५८, बेलफास्ट, व्हिक्टोरिया वसाहत. वडील पॅट्रिक, मजूर, काउंटी (म्हणजे जिल्हा) क्लेअर. आई ब्रिजेट, काउंटी क्लेअर, माहेरचं आडनाव लग्नाच्या दाखल्यात होतं तेच. लग्न १८५२, किलमरी. आधीची मुलं : मेरी, मृत.

काउंटी क्लेअर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, बेलफास्ट ईशान्येच्या टोकाला. नॅनने दाखला दोनदा वाचला आणि मग फ्रिजकडे बघत म्हणाल्या, "माझा भाऊ चुकीच्या चर्चमधे रडला गं." मला काही सुचलं नाही, मी चहा ठेवला.

जहाजाच्या यादीतलं बेलफास्टही मग उलगडलं. व्हिक्टोरियाच्या मदतीच्या प्रवाशांच्या यादीत नाव, वय, धंदा, धर्म, कुठल्या काउंटीचा, लिहिता-वाचता येतं का आणि उतरल्यावर कुणी कामावर ठेवलं, कुठे, किती पगारावर, असे रकाने असतात. गोल केलेला बेलफास्ट हा शेवटच्या रकान्यातला होता, म्हणजे तिथल्या एका शेतकऱ्याने पॅट्रिकला तीन महिन्यांसाठी शिध्यासकट कामाला ठेवलं होतं. भावाकडे त्या पानाचं टाइप केलेलं ट्रान्सक्रिप्शन होतं, त्यात रकान्यांची शीर्षकं गळलेली. मूळ पानाची इमेज उघडली तर संशय घ्यायलाच जागा नव्हती. आणि त्याच इमेजवर, पॅट्रिक आणि ब्रिजेटच्या खाली तिसरी ओळ, जी ट्रान्सक्रिप्शनमधे नव्हतीच. मेरी, वय २, आणि शेजारी शेरा, प्रवासात मृत्यू.

आता किलमरी. काम खरं इथे अडलं. किलमरी म्हणजे मेरीचं चर्च, आयरिश भाषेत किल म्हणजे चर्च, त्यामुळे या नावाची ठिकाणं आयर्लंडभर. एकट्या क्लेअरमधे किलमरी नावाच्या तीन पॅरिश (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा गट), एक बनरॅटीकडची नुसती किलमरी, एक किलमरी मॅकमहोन शॅनन नदीच्या बाजूला आणि एक किलमरी इब्रिकेन अटलांटिकच्या किनाऱ्यावर. आपल्याकडे नुसतं वडगाव म्हटलं तर वडगाव शेरी की वडगाव बुद्रुक की वडगाव मावळ, तसाच प्रकार. आणि पॅरिशच्या खाली टाउनलँड असते, ती साधारण आपल्या वाडीसारखी, आयर्लंडमधे अशा साठ हजारांच्या वर आहेत. टाउनलँड कळली नाही तर जमिनीच्या कागदात माणूस सापडणं कठीण.

इथे निर्णयाची जागा होती. मला तेव्हा घाई झाली होती, कबूल करते. किलमरी मॅकमहोनच्या बाजूला पॅट्रिकचं आडनाव बऱ्याच घरांत दिसत होतं आणि मी जवळजवळ तेच धरून चालले होते. म्हणजे भावाने जी चूक केली तीच मी करत होते, नाव जुळलं की गाव ठरवायचं. नॅननेच अडवलं. म्हणाल्या, अजून एक कागद बघू, मग ठरव.

तो कागद ब्रिजेटचा मृत्यूचा दाखला, १९०१ चा. व्हिक्टोरियाच्या मृत्यूच्या दाखल्यात मेलेल्या माणसाचे आईवडील, आईचं माहेर, वसाहतीत किती वर्षं होती, लग्न कुठे झालं आणि सगळी मुलं वयानुसार ओळीने लिहितात. माहिती देणारा मुलगा जॉन. आठ मुलांची नावं होती. पहिलं नाव मेरी, मृत. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. जॉन जन्मला तेव्हा मेरीला समुद्रात जाऊन तीन वर्षं झाली होती, त्याने तिला कधी बघितलेलं नाही, आणि १९०१ मधे, आई गेल्यावर, रजिस्ट्रारसमोर बसून तो पहिलं नाव तिचं सांगतो. म्हणजे ४६ वर्षं ब्रिजेटने त्या घरात मेरीचं नाव जिवंत ठेवलं होतं.

या दाखल्यातून ब्रिजेटच्या आईवडिलांची पूर्ण नावं मिळाली, जन्मगाव मात्र पुन्हा नुसतं 'किलमरी, क्लेअर'. मग आम्ही भावकीचा रस्ता धरला. एकटा माणूस क्वचितच निघतो, गावातली दोन-चार घरं मागेपुढे निघतात, जिथे पोचतात तिथे शेजारी राहतात, एकमेकांच्या मुलांना बाप्तिस्म्याला धरतात. जॉनच्या व्हिक्टोरियातल्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून जी बाई उभी होती तिचं आडनाव ब्रिजेटच्या आईच्या माहेरचं. ती कुठे गेली ते शोधत गेलो तर टॉवर हिलच्या दफनभूमीत तिची कबर. पोर्ट फेरी, कोरॉइट, टॉवर हिल हा सगळा पट्टा आयरिश लोकांचा, आणि त्या पिढीच्या दगडांवर बऱ्याचदा मूळ पॅरिश कोरलेली असते. मी आणि नॅन एका रविवारी गाडी काढून गेलो, वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. दगडावर शेवाळ धरलेलं. घासायचं नाही, घासलं की अक्षरं जातात, म्हणून बाटलीतलं साधं पाणी ओतलं आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरला, तशी अक्षरांच्या कडांना सावली आली आणि वाचता आलं. किलमरी इब्रिकेन, काउंटी क्लेअर.

घरी येऊन रात्रीच आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर गेलो. १८८० च्या आसपासपर्यंतची कॅथलिक पॅरिश रजिस्टरं त्यांनी २०१५ पासून फुकट खुली केलीत, पण नुसत्या इमेज, पान पान उलटून वाचावं लागतं. अशा रजिस्टरांत बरीच नावं लॅटिनमधे असतात, पॅट्रिकचा पॅट्रिशियस आणि ब्रिजेटची ब्रिजिडा होते, शाई फिकी, कडा ओल लागून काळ्या. लग्न १८५२ चं म्हणून फेब्रुवारीची पानं आधी काढली, कारण ईस्टरच्या आधीच्या लेंटच्या उपासात लग्नं होत नसत आणि त्याच्या आधी एकदम दाटी व्हायची, आपल्याकडे चातुर्मास लागायच्या आधी मुहूर्त संपवतात तसं. लग्न मिळालं नाही, ते पान अर्धं वाचताच येत नव्हतं. पण १८५३ च्या जानेवारीत, पानाच्या तळाशी, मेरी. वडील पॅट्रिक, आई ब्रिजेट, माहेरचं आडनाव तेच, धर्मपिता-धर्ममातेपैकी एकीचं आडनाव दगडावरचं, आणि कडेला टाउनलँडचं नाव.

जॉन आणि त्याच्या नंतरची सगळी भावंडं व्हिक्टोरियात जन्मलेली. आयर्लंडच्या कुठल्याही रजिस्टरात या घरातलं सापडू शकेल असं मूल एकच होतं, ज्याला कुणी वंशावळीत धरलंच नव्हतं.

टाउनलँड मिळाल्यावर ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन उघडलं. करासाठी केलेली ही मोजणी १८४७ ते १८६४ दरम्यान छापली गेली, क्लेअरची १८५५ ची, म्हणजे बरोबर ते निघाले तेव्हाची. ब्रिजेटच्या वडिलांचं नाव होतं, कूळ म्हणून, घर आणि जमिनीचा छोटासा तुकडा. त्यावर अजून एक कागद मिळाला तो अनपेक्षित. ब्रिटनने १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू केली, पण १८६४ च्या आधी जन्मलेल्यांकडे वयाचा दाखला कुठला, म्हणून अर्जदाराचं नाव १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत शोधून वय ठरवायचे. जनगणना पुढे जळाली, ते शोधाचे फॉर्म राहिले. क्लेअरमधे मागे राहिलेल्या ब्रिजेटच्या धाकट्या भावाचा असा फॉर्म सापडला, आईवडिलांची तीच नावं, तीच टाउनलँड, १८५१ मधे वय ५. जळून गेलेल्या जनगणनेतली या घराची एवढीच ओळ उरलीय.

मग ते गेले का, आणि तिथे काय झालं

कारण वेगळं शोधावं लागत नाही. १८४५ मधे बटाट्यावर करपा आला आणि पुढची काही वर्षं येत राहिला. गरीब घरांचं जेवण म्हणजे बटाटा आणि जमलं तर ताक, त्यामुळे पीक गेलं की घरात दुसरं काही नाही. साधारण दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. क्लेअरची लोकसंख्या १८४१ मधे सुमारे २ लाख ८६ हजार होती ती १८५१ मधे २ लाख १२ हजारांवर आली. पश्चिम क्लेअरमधे भाडं थकलं म्हणून घरं पाडून कुळं बाहेर काढण्याचे प्रकार तर इतके झाले की ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गाजले. ब्रिजेट तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची पोर.

अमेरिकेचं तिकीट स्वस्त, ऑस्ट्रेलियाचं कितीतरी महाग, म्हणून ज्यांच्या गाठीला पैसा नाही ते ऑस्ट्रेलियाला कसे गेले असा प्रश्न नॅनला पडला होता. उत्तर असं की वसाहतींना मजूर हवे होते आणि त्या जमीन विकून आलेल्या पैशातून प्रवासखर्च उचलत होत्या, निरोगी, कामाचं वय असलेली जोडपी आणि तरुण मुली त्यांना हव्या असत. आयर्लंडमधून या रस्त्याने आलेल्यांत क्लेअर आणि टिपरेरीचे लोक फार. इंग्लंडमधल्या बंदरापर्यंत आधी यायचं आणि मग तीन-चार महिने समुद्र. लहान मुलांना तो प्रवास झेपायचा नाही.

पॅट्रिक कोरॉइटच्या बाजूला भाड्याच्या जमिनीवर राहिला. इकडे जमीन बहुतेक मोठ्या मालकांकडे होती, त्यामुळे आयर्लंडमधे कूळ होते ते इथेही बरीच वर्षं कूळच. ज्वालामुखीची काळी माती, आपल्या रेगूरची आठवण यावी अशी, आणि तिच्यात त्यांनी लावलं काय, तर बटाटा. कोरॉइट आजही बटाट्यासाठी ओळखतात. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला, ज्या पिकाने घर उठवलं त्याच पिकावर त्यांनी घर उभं केलं.

स्वतःची जमीन १८७४ मधे. १८६९ च्या कायद्याने ३२० एकरांपर्यंत सरकारी जमीन घेता यायची, एकरी वर्षाला दोन शिलिंग भरायचे, तीन वर्षांच्या परवान्याच्या काळात तिथे राहायचं, कुंपण घालायचं, दहातला एक एकर तरी कसायचा, मग पुढचा पट्टा. या फायली मेलबर्नच्या सरकारी दफ्तरखान्यात आहेत, बघता येतात. पॅट्रिकच्या फाइलमधे ११२ एकर, दोन खोल्यांचं लाकडी घर, कुंपणाची लांबी, ओट आणि बटाटा किती लावला याचा हिशोब. अर्जाच्या तळाशी सहीच्या जागी फुली. जहाजाच्या यादीत 'वाचता-लिहिता येत नाही' लिहिलंय त्याच माणसाची ती फुली, आडवी रेघ जरा थरथरलेली, आणि शेजारी साक्षीदार म्हणून मुलाची सही, जॉन, वय १६, वळणदार अक्षर.

भावाला कसं सांगायचं

हे माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात अवघड ठिकाण होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पंधरा वर्षांचं काम, आणि तो फोटो. मी म्हटलं, मी रिपोर्ट लिहून देते, नॅन नको म्हणाल्या. त्यांनी काय केलं तर जॉनचा जन्मदाखला, जहाजाच्या यादीची इमेज, ब्रिजेटचा मृत्यूचा दाखला आणि १८५३ चं रजिस्टरचं पान, एवढ्याच प्रती पाकिटात घालून पाठवल्या, सोबत निष्कर्षाचा एकही शब्द नाही, फक्त 'तू बघ आणि सांग'. त्याला स्वतःला वाचू दिलं. मी असते तर पाच पानं लिहिली असती आणि त्याला ती आपल्यावरची फिर्याद वाटली असती.

तीन आठवडे काही नाही. मग फोन आला, बेलफास्टबद्दल त्याने काही विचारलं नाही, विचारलं ते, "मेरी कोण?"

आता पुन्हा करायचं झालं तर

सुरुवातीलाच सगळ्या भावंडांचे दाखले मागवले असते, नुसते जॉनचे नाहीत. पैसे वाचवायला आपण फक्त आपल्या थेट पूर्वजाचा कागद घेतो. जॉनच्या धाकट्या बहिणीच्या जन्मदाखल्यात आईचं जन्मगाव 'किलमरी इब्रिकेन' असं पूर्ण लिहिलेलं निघालं, तो आम्ही सगळ्यात शेवटी मागवला. आधी घेतला असता तर दोन महिने वाचले असते, अर्थात मग टॉवर हिलला जाणं झालं नसतं.

टाइप केलेल्या यादीवर काम करायचंच नाही, मूळ पान बघायचं. रकान्याचं शीर्षक आणि एक ओळ गळली, तिथेच पंधरा वर्षं गेली.

जे शोधून मिळालं नाही ते लिहून ठेवायचं, कुठलं रजिस्टर, कुठली वर्षं, पान वाचता आलं का. १८५२ च्या लग्नाचं ते पान मी तीन वेळा बघितलं कारण पहिल्या दोन वेळा नोंदच केली नव्हती. जुळत नाही अशी प्रत्येक गोष्टही फाइलच्या पहिल्याच पानावर लिहावी, माहेरचं आडनाव जुळत नाही हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं.

डीएनए आता करायला हरकत नाही, भावाचीही संमती आहे, कारण आता ताडून बघायला कागदाचा भक्कम आधार आहे.

काय राहिलंय

पॅट्रिक. त्याचं स्वतःचं गाव अजून ठरत नाही. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांच्या जागी 'माहीत नाही' आहे, माहिती देणारा घरचा नव्हता. लग्न नवरीच्या पॅरिशमधे व्हायची रीत, त्यामुळे किलमरी इब्रिकेन हे ब्रिजेटचं आहे, त्याचं असेलच असं नाही. किलमरी मॅकमहोनची माझी जुनी यादी मी फेकलेली नाही, पण त्यावर पेन्सिलने मोठं प्रश्नचिन्ह आहे. डब्लिनच्या पूर्वीच्या व्हॅल्युएशन ऑफिसच्या (करमोजणीच्या कार्यालयाच्या) दुरुस्तीच्या वह्यांमधे जमीन एका कुळाकडून दुसऱ्याकडे गेल्याच्या नोंदी वेगवेगळ्या रंगाच्या शाईत असतात, ब्रिजेटच्या घरची जमीन पुढे कुणाकडे गेली ते बघायला त्या पानांची प्रत मागवलीय, अजून आलेली नाही.

भावाने जुनी फ्रेम उतरवली आणि नवी वंशावळ स्वतःच्या हाताने काढली, ऑनलाइन ज्या सात जणांनी जुनी उचलली होती त्यांना एकेक करून कळवलंही, तिघांनी दुरुस्त केलीय. नव्या कागदावर पॅट्रिक आणि ब्रिजेटच्या खाली आठ रेघा आहेत. पहिल्या रेघेखाली मेरी, किलमरी इब्रिकेन १८५३, आणि मृत्यूच्या ठिकाणी काय लिहायचं यावर बहीण-भावाचं फोनवर बरंच बोलणं झालं, शेवटी त्यांनी 'समुद्रात, वय २' असं लिहिलंय.